सकाळी सेल्फ मारला की तीन सेकंद खर्रर्र... टायमिंग चेन का दुसरं काही?

नगरी_चहा
राम राम मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज स्वतःवर वेळ आली म्हणून पहिला धागा काढतोय. गाडी स्विफ्ट डिझेल, जुना शेप, फेब्रुवारी २०११ ची, रनिंग १,६२,०००. बाबांनी रिटायर झाल्यावर घेतलेली, गेली सहा वर्षं माझ्याकडे, महिन्यातून दोनदा नगर-पुणे-नगर आणि बाकी गावातल्या गावात.

तर गेले महिनाभर सकाळी पहिला सेल्फ मारला की बॉनेटखालून खर्रर्र असा आवाज येतो, पत्र्याच्या डब्यात खिळे घालून हलवल्यासारखा. दोन-तीन सेकंद, मग बंद. दिवसभर नंतर कितीही वेळा चालू करा, आवाज नाही. त्याशिवाय एक बारीक किरकिर आहे ती मात्र गरम झाल्यावर पण राहते, एसी लावला की वाढते असं मला वाटतं पण बायको म्हणते तुला काहीही वाटतं. पिकअप, अॅव्हरेज सगळं नीट. मीटरवर दिवा नाही.

मेकॅनिक दोन, मतं तीन. एक म्हणतो टायमिंग चेन, ताबडतोब उतरवा. दुसरा आधी म्हणाला टॅपेट, मग म्हणाला डिझेल आहे साहेब आवाज करणारच. पुढच्या फेब्रुवारीत पंधरा वर्षं होतील, पासिंगचा खर्च समोर आहेच, त्यात हे. काय करू?

घाटातला_राजा
ऑइल शेवटचं कधी बदललंत? खरं सांगा.

गप्पिष्ट_पक्या
इंजेक्टर. डिझेलमध्ये नव्वद टक्के वेळा इंजेक्टरच असतो. क्लीन करून घ्या.

नगरी_चहा
@घाटातला_राजा, दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंत. खरं सांगायचं तर लॉकडाऊनच्या काळात गाडी उभीच होती म्हणून ऑइल तसंच ठेवलं, नंतर "अजून कुठे दहा हजार झालेत" करत करत एकदा अठरा हजारांवर गेलो होतो आणि एकदा बहुतेक पंधरावर. बाबांच्या हातात होती तोवर त्यांची वही होती, किलोमीटर, तारीख, बिल नंबर सगळं. माझ्या हातात आल्यापासून वही कोरी.

चाकणकरीण
मी इंजिन टेस्टिंगमध्ये काम करते, ही मॉडेल-बिडेल रोज हाताळत नाही पण चेनचा विषय चांगला माहितीये म्हणून जरा सविस्तर लिहिते, वाचायचा कंटाळा आला तर स्क्रोल करा.

आवाज कसा आहे यापेक्षा कधी येतो ते जास्त सांगतं. टायमिंग चेन म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या क्रँकवरून वॉल्व्ह उघडणारा कॅम फिरवणारी साखळी. ती ताणून धरायला एक टेन्शनर असतो आणि बहुतेक गाड्यांत तो ऑइलच्या प्रेशरवर चालतो. रात्रभर गाडी उभी राहिली की ऑइल खाली चेंबरमध्ये उतरतं, टेन्शनर रिकामा होतो. सकाळी सेल्फ मारल्यावर पंपाने प्रेशर करून टेन्शनर भरेपर्यंत जो वेळ जातो तेवढा वेळ चेन सैल असते आणि गाईडवर (तिला वाट दाखवणाऱ्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर), कव्हरवर आपटते. नवीन गाडीतही क्षणभर सैल असतेच पण चेन मुळात मापात असल्यामुळे आपटायला जागा नसते. तुमच्याकडे ती जागा झालीये. म्हणजे चेन वाढली, किंवा गाईड झिजले, किंवा टेन्शनर धरत नाही, आणि दीड लाखाच्या पुढे बहुधा तिन्ही थोडं थोडं.

"चेन वाढली" म्हणतात पण ती रबरासारखी ताणली जात नाही बरं का. प्रत्येक सांध्यात एक पिन आणि तिच्याभोवती बुश, ते झिजतात. हिशोब करा, शंभर सांधे धरले आणि प्रत्येकात मिलिमीटरचा फक्त एक शतांश भाग झिजला, तरी एकूण लांबी एक मिलिमीटरने वाढली. सांध्यात तो फरक डोळ्याला दिसणारही नाही. आणि ही झीज करतं कोण? डिझेलमध्ये काजळी ऑइलमध्ये उतरते, त्यानेच ते इतक्या लवकर काळंकुट्ट होतं. काळं होणं वाईट नाही, ते ऑइलचं कामच आहे. पण मुदत संपल्यावर ती काजळी धरून ठेवायची ताकद संपते आणि मग तेच ऑइल पिनांवर पॉलिश पेपरसारखं काम करतं. तुमचे अठरा हजार तिथे गेलेत.

आता मुख्य प्रश्न, आवाज दोन-तीन सेकंदच आहे आणि मग साफ बंद होतो हे नक्की ना? तसं असेल तर आज रात्री चेन उडणार नाहीये. आवाज पाच-दहा सेकंदांवर गेला, किंवा गरम इंजिनला दोन हजारपर्यंत रेस देऊन सोडल्यावर खाली येताना खडखड ऐकू आली, तर मग थांबू नका. आणि ती एसीबरोबर वाढणारी किरकिर मला चेनची वाटत नाही, एसीच्या लोडचा संबंध बाहेरच्या, अल्टरनेटर-एसी फिरवणाऱ्या बेल्टशी असतो. दोन वेगळे रोग असावेत.

घाटातला_राजा
+१. मस्त समजावलंत.

बाबूराव_क्लच
एवढं काही नसतं हो. जुनी गाडी झाली की जाड ऑइल टाकायचं, २०डब्ल्यू-५०, आवाज गायब. वर ती पन्नास रुपयेवाली बाटली... चारशेची असेल आता... अॅडिटिव्ह टाकायचं. आमच्या जीपला वीस वर्षं हेच केलं.

चाकणकरीण
बाबूराव, जीपचा आणि याचा काही संबंध नाही. इथे आवाज येतोय तोच मुळी ऑइल पोचायला वेळ लागतो म्हणून. जाड ऑइल थंडीत सकाळी अजून हळू पोचणार, म्हणजे चेन अजून जास्त वेळ कोरडी आपटणार, आणि वर बिचाऱ्या टर्बोच्या बेअरिंगला पण उशिरा मिळणार. मॅन्युअलमध्ये जो ग्रेड लिहिलाय तोच टाकायचा. दुपारी गरम इंजिनचा आवाज जाड ऑइलने दबतो हे खरं आहे, म्हणूनच गाडी विकायच्या आदल्या दिवशी लोक तेच टाकतात :)

बाबूराव_क्लच
मी विकली नाही अजून.

शिरोलीकर
धागा उशिरा बघितला. आमचं घर कोल्हापूरच्या उद्यमनगरातलं, लहानपणापासून इंजिनं उघडी बघत मोठा झालोय, आता स्वतः हात काळे करत नाही पण कान अजून शाबूत आहेत. नगरीभाऊ, कुणाचंही ऐकून चेन उतरवायच्या आधी एवढं करा, एक रुपया लागत नाही.

रात्री गाडी सपाट जागेवर लावा. सकाळी चालू करायच्या आधी काडी काढून ऑइलची लेव्हल बघा. कमी असेल तर आधी ती भरा, कमी ऑइलवर चांगली चेनही बोंबलते. मग मोबाईल बॉनेटखाली रेकॉर्डिंगवर ठेवा आणि दुसऱ्या कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आतून ऐकलेला आवाज आणि बाहेरून ऐकलेला आवाज यात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

गाडी गरम झाली की क्लच पूर्ण दाबून बघा. दाबल्यावर आवाज बदलला तर तो गिअरबॉक्सच्या बाजूचा, रिलीज बेअरिंग नाहीतर फ्लायव्हील, तो वेगळा विषय. नाही बदलला तर लांब स्क्रू ड्रायव्हर घ्या, टोक इंजिनला आणि मूठ कानाच्या मागच्या हाडाला. आधी टायमिंगच्या कव्हरवर वर-खाली दोनतीन ठिकाणी, मग अल्टरनेटर, मग बेल्टच्या टेन्शनरचा बोल्ट. पंखा आणि फिरत्या बेल्टपासून बाही, मफलर, ओढणी लांब ठेवा, माझ्या डोळ्यासमोर एकाचं बोट गेलंय.

शेवटचं मेकॅनिककडून करून घ्या. बाहेरचा बेल्ट काढून गाडी फक्त अर्धा मिनिट चालवायची. वॉटर पंप त्याच बेल्टवर आहे त्यामुळे जास्त वेळ नाही. किरकिर गेली तर ती बेल्टवरच्या कशाची तरी. सकाळची खर्रर्र बेल्ट नसतानाही आली तर मग ती आतली.

आणि एक, ती गाडी सध्या धक्का मारून चालू करू नका, आणि उतारावर फक्त गिअरच्या भरवशावर उभी करू नका, हँडब्रेक ओढा. इंजिन उलटं फिरलं आणि टेन्शनरमध्ये प्रेशर नसलं की सैल चेन गरारीवरून (दातेरी चाकावरून) एखादा दात उडी मारू शकते.

अनुताई_नाशिक
वाचतेय. अवांतर विचारू का? माझी वॅगनआर २००८ ची आहे आणि सासऱ्यांची जुनी इंडिका. आमच्यात पण चेन असते का? कधीच काही बदललेलं नाही :(

शिरोलीकर
अनुताई, दोन्हींत चेनच्या जागी टायमिंग बेल्ट. जुनी ११०० सीसी वॅगनआर, मारुती ८००, एस्टीम, इंडिका डिझेल, सँट्रो झिंग, १.१ वाली आय१० या सगळ्या बेल्टच्या. स्विफ्ट पेट्रोलमध्ये पण जुनं १३०० चं इंजिन बेल्टचं आणि २०१० नंतरचं १२०० चं चेनचं. चेन निदान बोंबलून सांगते, बेल्ट गुपचूप तुटतो. कधीच बदलला नसेल तर हा धागा वाचायचं सोडा आणि आधी गॅरेजला जा. मी गंमत करत नाहीये.

अनुताई_नाशिक
बापरे. उद्याच जाते.

नगरी_चहा
अपडेट. शिरोलीकर, तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं. ऑइल काडीवर खालच्या खुणेच्याही किंचित खाली होतं (लाज वाटते). क्लचने फरक नाही. स्क्रू ड्रायव्हर कानाला लावला तर बेल्टच्या टेन्शनरच्या पुलीत असा आवाज की जणू आत वाळू भरलीये. मेकॅनिकने बेल्ट काढून चालवली, किरकिर गायब! पुली हाताने फिरवली तर खरखर करत थांबत होती. पुली आणि बेल्ट दोन्ही बदललं, ऑइल आणि फिल्टरही नवीन टाकलं, गाडी एकदम मऊ. आज सकाळी खर्रर्र पण जेमतेम एक सेकंद. चेनचे वीस हजार वाचले म्हणायचे! सगळ्यांना नगरला आलात तर चहा माझ्याकडून.

गप्पिष्ट_पक्या
म्हटलं होतं ना चेन नाही म्हणून.

घाटातला_राजा
तुम्ही इंजेक्टर म्हटलं होतं.

शिरोलीकर
किरकिर गेली त्याचा आनंद आहे. पण भाऊ, खर्रर्र "जेमतेम एक सेकंद" आहे म्हणजे आहेच. नवीन ऑइलने तेवढा फरक पडतो, लेव्हल भरल्याने पण पडतो. थंडी येऊ द्या, मग सकाळची रेकॉर्डिंग परत ऐकवा. पेढे एवढ्यात वाटू नका.

पेडणेकार_बाप्पा
हांगा गोव्यात थंडी नाही तरी आमच्या टाटा व्हिस्टाला, इंजिन हेच, सेम आवाज होता, दोन वर्षं तसाच चालवला, काही झालं नाही. लोक उगीच घाबरवतात.

चाकणकरीण
@पेडणेकार_बाप्पा, दोन वर्षं काही झालं नाही हे खरं असेल, तुमची चेन कदाचित कमी झिजली असेल. पण हे इंजिन असं आहे की टायमिंग सुटलं तर पिस्टन आणि वॉल्व्ह एकाच जागेत येतात. मग वॉल्व्ह वाकतात, रॉकर तुटतात, कधी पिस्टनवर खड्डा. चेन किट बदलणं आणि हेड उतरवणं यात खर्चाचा फरक कितीतरी पटीचा आहे. आणि चेन हायवेवर, टनेलमध्ये, आंबोली घाटात कुठेही सुटेल, घरासमोर सुटेल असं नाही.

नगरी_चहा
धागा वर काढतोय. सात आठवडे झाले. शिरोलीकरांच्या तोंडात साखर पडो म्हणणार नाही, कारण ते म्हणाले तेच झालं.

मागच्या आठवड्यात नगरला थंडी पडली आणि सकाळचा आवाज सात-आठ सेकंदांवर गेला. शेजारचे काका बाल्कनीतून विचारायला लागले गाडीत काय भरलंय म्हणून. परवा सुप्याच्या पुढे चेक इंजिनचा दिवा लागला, गाडी चालत होती, फक्त सेल्फ जरा लांब घ्यावा लागत होता. रांजणगावला चहाला थांबलो तेव्हा टपरीवाल्याला पण ऐकू गेलं. स्कॅनर लावला तर कोड पी००१६. मेकॅनिक म्हणाला क्रँकचा आणि कॅमचा सेन्सर एकमेकांशी जुळत नाहीयेत. एका मोठ्या वर्कशॉपमध्ये विचारलं, ३४,००० सांगितले, वर "आत उघडल्यावर बघू" आहेच.

गंमत बघा, ज्या रांजणगावात हे इंजिन बनायचं तिथेच माझ्या इंजिनाने दिवा लावला.

मोटारदिंडी
छोटी दुरुस्ती. तुमच्या २०११ च्या गाडीचं इंजिन रांजणगावचं नसावं, मारुतीचं हे डिझेल इंजिन तेव्हा मानेसरला बनायचं, फियाटकडून लायसन्स घेऊन. रांजणगावला फियाट-टाटाचा प्लांट, तिथली इंजिनं पुंटो, लिनिया, व्हिस्टा, मांझाला. मारुती रांजणगावहून इंजिनं घ्यायला लागली ती २०१२ च्या सुमारास, मानेसर पुरेना म्हणून. पण डिझाइन एकच, १२४८ सीसी, चार सिलिंडर, सोळा वॉल्व्ह. एवढ्या कंपन्यांच्या गाड्यांत गेलं की लोक त्याला भारताचं राष्ट्रीय इंजिनच म्हणायचे. एप्रिल २०२० ला बीएस-६ (प्रदूषणाचे नवे नियम) आलं आणि हे बंद झालं. पण एवढ्या गाड्यांत असल्यामुळे सुटे भाग अजून अनेक वर्षं मिळतील, ती काळजी नको.

इलेक्ट्रिक_अण्णा
पंधरा वर्षांची डिझेल. स्क्रॅपला घाला आणि ईव्ही घ्या. ना चेन ना ऑइल.

नगरी_चहा
अण्णा, ईव्हीचं डाउनपेमेंट व्यनित (खासगी निरोपात) पाठवा, उद्या बुक करतो.

लेस्टरवासी
मी इंग्लंडमधून लिहितोय, मूळचा साताऱ्याचा. इथे हेच इंजिन व्हॉक्सहॉल कोर्साच्या बॉनेटखाली होतं, १.३ सीडीटीआय नावाने, आणि माझ्याकडे २००९ ची होती. आवाजही डिट्टो तोच. इथे लोक लांब पल्ल्याची सर्व्हिस म्हणून ऑइल खूप लांबवतात, माझ्या आधीच्या मालकाने पण तेच केलेलं असणार, सर्व्हिसच्या पुस्तकात शिक्के विरळ होते. इथे मजुरी इतकी महाग की चेनचा खर्च गाडीच्या किमतीच्या जवळ गेला, म्हणून मी विकून टाकली, घेणाऱ्याला आवाजाचं सांगून आणि तेवढे पैसे कमी करून. तुमच्याकडे मजुरीचं गणित वेगळं आहे. बाकी गाडी चांगली असेल, गंज नसेल, तर मी करून घेतलं असतं. कोड आल्यावर मात्र चालवत राहू नका.

शिरोलीकर
कोड आला म्हणजे चेनने आता कागदावर सही करून दिली. गाडी चालवायची बंद करा. गॅरेज जवळ असलं तरी टोचन करून न्या, पाचशे-हजार जातील.

कुठेही करा, मोठ्या वर्कशॉपमध्ये किंवा ओळखीच्याकडे, पण चार गोष्टी आधी विचारा. टायमिंग लॉक करायच्या, म्हणजे काम चालू असताना क्रँक-कॅम जागेवर धरणाऱ्या पिना आहेत का. "आम्ही व्हाइटनरने खुणा करून बसवतो" म्हणणारा असेल तर चहा पिऊन निघून या, या इंजिनात खुणांवर भागत नाही. दुसरं, नुसती चेन नको, पूर्ण किट, म्हणजे चेन, टेन्शनर, दोन्ही गाईड, गरारी. जुन्या झिजलेल्या दातांवर नवी चेन घालणं म्हणजे जुन्या चपलेला नवा अंगठा. तिसरं, चेंबर उतरवणार आहात का. उतरवायलाच हवं, आतली ऑइल पंपाची जाळी बघायची असते. चौथं, पार्ट समोर फोडा म्हणावं. पुण्याच्या नाना पेठेत ओरिजनलच्या डब्यात काय काय मिळतं ते तुम्हाला सांगायला नको, पक्कं बिल देणाऱ्याकडूनच घ्या.

बाबूराव_क्लच
चेंबर उतरवतातच तर ऑइल पंप पण बघून घ्या. हे मात्र मी अनुभवाने सांगतो.

चाकणकरीण
बाबूरावांना या वेळी पूर्ण अनुमोदन. पंपाचं प्रेशर कमी असेल तर नवीन टेन्शनर पण सहा महिन्यांत तेच गाणं गाईल.

नगरी_चहा
झालं एकदाचं. कालच गाडी घरी आणली. फोटो चढत नाहीयेत म्हणून शब्दांतच सांगतो, लांब होईल.

एमआयडीसीतला एक मेकॅनिक शोधला, पिनांचा सेट स्वतःचा, विचारल्यावर आधी रागावला की तुम्ही मला शिकवता का, मग कपाटातून काढून दाखवला. किट मी स्वतः पुण्याहून आणलं. कामाला अडीच दिवस लागले. पहिला दिवस नुसतं उघडण्यात, इंजिनखाली जॅक, बाजूचं माउंटिंग बाहेर, क्रँकची पुली, मग चेंबर खाली, मग कव्हर. मी ऑफिसला दांडी मारून स्टूलवर बसलो होतो. त्याला फार आवडलं नाही पण दुसऱ्या दिवशी स्वतःच हाक मारून दाखवायला लागला.

चेंबर उतरवला तर तळाशी काळ्या लोण्यासारखा गाळ आणि पंपाच्या जाळीवर तपकिरी प्लॅस्टिकचे तीन तुकडे, सगळ्यात मोठा करंगळीच्या नखाएवढा. गाईडचे. गाईड बाहेर काढला तेव्हा त्यावर चेनने दोन खोल चरे पाडलेले आणि खालचं टोक उडालेलं. चाकणकरीण यांनी पंपाचं का म्हटलं ते तेव्हा कळलं, अजून थोडे तुकडे जाळीत अडकले असते तर ऑइलच वर गेलं नसतं. पंप उघडून बघितला, चांगला आहे, ठेवला.

मग त्याने भिंतीवरच्या एकाच खिळ्याला जुनी आणि नवी चेन शेजारी शेजारी टांगल्या. मला वाटलं होतं वीतभर फरक दिसेल. दोन-अडीच मिलिमीटर. बस! एवढ्यासाठी एवढा तमाशा म्हटलं. तर त्याने दोन्ही चेन आडव्या धरल्या, नवी काठीसारखी सरळ राहिली आणि जुनी मधोमध धनुष्यासारखी वाकली. टेन्शनरची दांडी जवळपास पूर्ण बाहेर आलेली होती, तिला अजून पुढे जायला जागाच उरली नव्हती.

बसवल्यावर लगेच सेल्फ मारू दिला नाही. आधी पाना लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवलं, पिना परत बसतात का बघितलं. मग इंजेक्टरचे सॉकेट काढून नुसता सेल्फ मारला, ऑइल वर चढावं म्हणून. मग सगळं जोडून चालू केली आणि... खर्रर्र! माझा चेहरा बघून तो हसायला लागला. दोन सेकंदांत बंद. म्हणाला नवीन टेन्शनर रिकामा असतो, पहिल्यांदा एवढं होणारच, उद्या सकाळी या. आज सकाळी साडेसहाला अंधारात जाऊन चालू केली. काही नाही. नुसता डिझेलचा टकटक, त्यासाठी तर गाडी घेतली होती.

बिल: किट ७,८००, ऑइल-फिल्टर-कूलंट २,६००, सीलंट, ऑइल सील आणि किरकोळ ९००, लेबर ७,०००. एकूण १८,३००. टोचनचे आठशे वेगळे. गाळ निघाला म्हणून हे ऑइल हजार किलोमीटरवरच काढायला सांगितलंय, ते धरलेलं नाही.

घाटातला_राजा
अभिनंदन! कोड गेला ना पण?

नगरी_चहा
हो, स्कॅनरने काढला, साठ किलोमीटर चालवली, परत नाही आला. सेल्फ पण पहिल्यासारखा एका झटक्यात.

चाकणकरीण
छान लिहिलंत. ऑइल इथून पुढे दहा हजारला नाही, सात-साडेसात हजारला काढत जा, गावातल्या गावात फिरणारी डिझेल असेल तर काजळी लवकर साठते. आणि ज्या गाड्यांत डब्यासारखा फिरवून लावायचा फिल्टर असतो त्यांनी फिल्टर स्वस्तातला घेऊ नका, इंजिन बंद झाल्यावर ऑइल मागे जाऊ न देणारी रबरी झडप त्यात असते, ती फालतू असली की चेन नवीन असूनही सकाळी खर्रर्र येतो. मी हे दोनदा बघितलंय.

अनुताई_नाशिक
मी पण अपडेट देते. वॅगनआरचा बेल्ट काढला तेव्हा मेकॅनिकने तो वाकवून दाखवला, दातांच्या मुळाशी भेगाच भेगा होत्या. बदलला. सासऱ्यांची इंडिका मात्र त्यांनी हात लावू दिली नाही, "माझी गाडी मला कळते" म्हणाले. शिरोलीकर, तुमचा तो "गुपचूप तुटतो" वाला प्रतिसाद मोठ्या अक्षरात प्रिंट काढून चहाच्या कपाखाली ठेवलाय, बघू.

पेडणेकार_बाप्पा
नगरीभाऊ, प्लॅस्टिकच्या तुकड्यांचं वाचून मला जरा कसंसंच झालं. काल व्हिस्टाचा आवाज मोजला, मोबाईलवर, सहा सेकंद. तुमच्या त्या मेकॅनिकचा नंबर द्याल का? नगर लांब पडेल पण फोनवर बोलेन म्हणतो.

नगरी_चहा
व्यनि केलाय बाप्पा. त्याला सकाळी अकराच्या आत फोन करू नका, आणि पिनांचं विचारू नका, चिडतो. तोवर गाडी उभी ठेवा.

आता वही शोधतोय बाबांची. सापडली की १,६३,२१० लिहायचंय, ते मला नाही लिहू देणार, स्वतःच लिहीन म्हणालेत.